मागची सीट

दातांचे डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बागकाम करतील. त्यांनी गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतलं. दोन सीटचं, लाकडी सांगाड्याचं, सगळं स्वतःच्या हातचं. मागची सीट बायकोची, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. घरातून गॅरेजमध्ये उतरायला लाकडी जिना होता आणि त्याची एक पायरी करकरायची. डॉक्टर ती मुद्दाम दुरुस्त करत नसत. पायरी वाजली की बायको आली हे कळायचं आणि हातातलं मासिक लपवता यायचं.

सांगाडा उभा राहिला, पण वजनाचा तोल कागदावर जमेना. तेव्हा इंजिनिअर भाचीने त्यांना आराखडे काढायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. माउसने सरळ रेघ ओढताना जन्मभर दाढा कोरलेल्या माणसाच्या नाकीनऊ आले. तरी नेटाने त्यांनी एकेक फळी, एकेक बोल्ट स्क्रीनवर चढवला. कुठला भाग कशाचा ते सांगितलं की सॉफ्टवेअर वजन काढायचं आणि विमानाचा गुरुत्वमध्य लाल ठिपक्याने दाखवायचं.

ठिपका फार मागे पडला. असं विमान उडतं, पण सावरत नाही.

"मामा, कुशन कशाचं ते सांगितलंच नसेल," भाची फोनवर हसली. "मग ते लोखंड धरतं. सगळे नवशिके इथेच माती खातात."

खरंच, मागचं कुशन लोखंडाचं होतं. डॉक्टर ओशाळले. त्यांनी फोम निवडला. ठिपका हलला नाही. त्यांनी कुशन पुसलं, मग सीटही पुसली. त्या रिकाम्या जागेत पंचावन्न किलो तसेच राहिले.

बायकोने खांद्यावरून डोकावलं. "अय्या, माझंच वजन की! यंत्रालाही सांगून ठेवलंत?"

डॉक्टरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

स्क्रीनवर त्यांचा भरवसा उरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खरं विमान तीन चाकांखाली तीन वजनकाटे ठेवून तोललं. प्रत्येक तुकडा त्यांनी वजन करूनच जोडला होता. तरी तिन्ही काट्यांची बेरीज त्यापेक्षा पंचावन्न किलोंनी जास्त आली.

मागचं कुशन मधोमध दबलेलं होतं.

जिना करकरला. बायको आली होती.

"तू यात बसायचं नाहीस," डॉक्टर म्हणाले. ते मनातून घाबरले होते.

"इतकी वर्षं भुसा झाडला मी. उडू देऊ नका, पण बसू तरी द्या." आणि ते अडवायच्या आत ती चढून बसलीसुद्धा.

डॉक्टरांनी वाकून आकडे पाहिले.

"किती भरले मी?"

"आकडा हलला नाही."

"म्हणजे बारीक झाले!"

"उतर. आत्ताच्या आत्ता उतर."

ती फुरंगटून उतरली. डॉक्टरांनी पुन्हा वाकून पाहिलं.

आकडे तेच होते.

"चहा टाकते," म्हणत ती जिना चढून वर गेली.

पायरी वाजली नाही.

डॉक्टर तिच्या मागोमाग निघाले. त्यांच्या पायाखाली ती पायरी रोजच्यासारखीच करकरली.