दोनशे तासांची पायलट

"ओ! ओ पाव्हणं! बंद करा ते आधी!"

फुलांची पाटी सरीतच टाकून मी बांधाकडं पळत सुटले. पलीकडच्या उसात एक माणूस हातात रिमोट घेऊन उभा होता, डोक्यावर टोपी, अंगात लांब बाह्यांचा शर्ट. त्याच्यासमोर तणनाशकानं भरलेला ड्रोन गुडघाभर उंचीवर घोंघावत होता. माझा आवाज ऐकून त्यानं तो खाली टेकवला.

"काय झालं, ताई?"

"ताई नंतर म्हणा. वारा कुठला आहे ते बघितलंत का?"

"मोबाइलवर बघितला की. नॉर्मल हाय."

"मोबाइलवर! तो गुऱ्हाळाचा धूर बघा जरा." धूर आडवा होऊन सरळ आमच्या शेवंतीकडं येत होता. "तुमचं औषध तुमच्या उसावर पडणार का माझ्या फुलांवर? मार्गशीर्षाचा बाजार तोंडावर आलाय. नुसता तुषार आला ना, तरी उद्या सगळी पानं आकसतील. मग कुणाच्या नावानं बोंब मारू मी?"

त्यानं धुराकडं पाहिलं. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"चुकलं," तो म्हणाला.

आता मी कमरेला पदर खोचून भांडायच्या तयारीनं आलेले — म्हणजे ओढणी होती, पण तयारी तीच — आणि हा बाबा सरळ चुकलं म्हणून मोकळा! माझी पंचाईत झाली.

"तुम्हाला वाऱ्याचं एवढं कसं काय कळतं?" त्यानं विचारलं.

"मी पायलट आहे."

"आयला... मी पण!" असं म्हणून त्यानं खिशातून प्लास्टिकचं कार्ड काढून दाखवलं. सार्थक मारुती गव्हाणे, ड्रोन पायलट, तालुका शिरूर. फोटोत तो हसत होता आणि समोरही हसत होता. मला इतका राग आला म्हणून सांगू!

राग यायला कारण होतं. त्याचं ट्रेनिंग आठवडाभराचं. रांजणगावच्या कंपनीतली नोकरी सोडून त्यानं ड्रोन घेतला आणि आता शिरूरपासून पाटसपर्यंत उसवाले त्याच्या मागं लागले होते. आणि मी? मी खरंखुरं विमान उडवायला शिकले. माझ्यासाठी वडिलांनी, आमच्या आबांनी, रस्त्याकडचं रान विकलं. दोनशे तास आभाळात काढून लायसन्स घेतलं, आणि तेव्हापासून केडगावात घरच्या शेवंतीत फुलं तोडत होते.

आमच्या शेजारचे हौसराव आप्पा पेपर घेऊन यायचे आणि मोठ्यानं वाचायचे, "देशात पायलटचा तुटवडा! ज्ञानेश्वरी, अगं तुझंच काम हाय हे!" त्यांना कसं सांगू? आप्पा, तुटवडा आहे तो हजारो तास उडालेल्या कॅप्टनांचा. दोनशे तासवाल्या पोरांची तर रांग लागली आहे. कंपनी म्हणते अनुभव आणा. अनुभव मिळणार विमानात. विमान त्यांच्याकडं. त्यातही प्रत्येक जातीच्या विमानाचं ट्रेनिंग वेगळं, आणि तेही म्हणे स्वतः करून या. छोट्या गावांना जोडणाऱ्या कंपन्या घेतात एखाद्याला, पण सुरुवातीचा पगार इतका बेताचा की शिकलेली माणसं अनुभव मिळाला की मोठ्या कंपनीत पळतात. म्हणून मग त्या आधीच बाँड लिहून घेतात. हे सगळं आप्पांना एकदा सांगितलं होतं मी. ऐकून म्हणाले, "मग पेपरवाला खोटं बोलतो व्हय?"

तर ते असो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बांधावर हजर!

"काल तुम्ही नसता तर बदनाम झालो असतो," सार्थक म्हणाला. "एक विचारू का? मला वारा बघायला शिकवाल?"

"फी पडेल."

"काय?"

"मला ताई म्हणायचं नाही."

त्याचे कान लाल झाले. मी मुद्दाम फुलं तोडायला खाली वाकले, कारण मला हसू आवरेना.

मग मी त्याच्या पिकअपमधून जायला लागले. घरी सांगितलं, काम आहे. खोटं नव्हतं ते. पाटसकडं, नदीकाठच्या रानांत, जिथं फवारणी असेल तिथं मी आधी रानाच्या चारी कडांनी फिरायची, विजेच्या तारा कुठं, झाडं कुठं, शेजारी कुणाची काय पिकं. मग उडवायच्या आधी मी एकेक विचारायचं आणि त्यानं तपासून उत्तर द्यायचं. विमानात तशीच पद्धत असते, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, म्हणजे काही राहून जात नाही.

"बॅटरी?"

"फुल."

"पंखे?"

"घट्ट."

"लक्ष?"

"ते... जरा इकडं-तिकडं हाय, मॅडम."

"सार्थक!"

"बरं, बरं. लक्ष समोर."

कुणी शेतकरी डबा आणायचा. बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. तो कांदा बुक्कीनं फोडायचा आणि आतला गोड भाग न बोलता माझ्या भाकरीवर ठेवायचा. मला तो आवडायला लागला होता. कधीपासून ते नाही सांगता येणार, पण पिकअपचा हॉर्न वाजला की माझी वेणी आपोआप नीट व्हायची, एवढं खरं.

एकदा जेवताना डोक्यावरून छोटं विमान गेलं. बारामतीकडं शिकणारी पोरं उडतात, आमच्या भागावरून रोज त्यांच्या फेऱ्या असतात. सार्थक मान वर करून बघत राहिला. मग म्हणाला, "एक बोलू? रागावू नका."

"बोला."

"विमान आलं की सगळं रान वर बघतं. बाया बघत्यात, पोरं बघत्यात. तुम्ही तेवढं खाली बघता."

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. इतक्या वर्षांत हे आईच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

"डोळ्यांना ऊन लागतं," मी म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला, आणि त्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

उन्हं तापायला लागली तसं दोन्ही घरांत कुजबुज सुरू झाली. गावात काय, पिकअपमधून दोघं दिसली की लोक पुढचं सगळं स्वतःच ठरवून टाकतात. त्याचे वडील मारुतराव आबांना भेटून गेले. जमतंय म्हणाले. रविवारी सुपारी फोडायची ठरली. आमच्याकडं चार मोठी माणसं बसतात, देण्याघेण्याचं, मानपानाचं बोलून घेतात आणि सगळं पटलं की एक वडीलधारा सगळ्यांदेखत सुपारी फोडतो. फुटली की लग्न पक्कं. मग माघार नाही.

शुक्रवारी मला फोन आला.

एका छोट्या विमान कंपनीचा. मागच्या वर्षी दिलेल्या परीक्षेची यादी पुढं सरकली होती. ट्रेनिंग कंपनी देणार, बदल्यात पाच वर्षांचा बाँड. ट्रेनिंगपुरता पगार कमी, एका सीझनमध्ये सार्थक त्याहून जास्त कमवेल इतका कमी. मुक्काम गुवाहाटी. रविवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवा.

मी कुणालाच सांगितलं नाही. स्वतःला म्हणाले, ज्ञानेश्वरी, तुझं आता लग्न ठरतंय, इतका चांगला माणूस मिळतोय, कशाला हा नवा घोर? मनाला बरं वाटलं. म्हणजे वाटतंय असं मी धरून चालले.

रविवारी अंगणात सतरंज्या पडल्या. हौसराव आप्पा मधोमध बसले, समोर ताटात सुपारी आणि अडकित्ता. सार्थक माणसांच्या मागं, मी दाराशी आईजवळ. बोलणी छान चालली होती. मग सार्थकच्या आत्या, झुंबरबाई, यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"पोरी, लगीन झाल्यावर त्या इमानाचं काय करायचं?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांची नजर टाळली.

"सोडलं मी ते," मी म्हणाले. "आता नाही उडणार."

झुंबरबाईंनी समाधानानं मान हलवली. आप्पांनी सुपारी उचलली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"कवा सोडलं?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. अशा बैठकीत नवरा मुलगा बोलत नाही. तोंडातून ब्र काढत नाही. सार्थक उठून उभा राहिला होता.

"मला कवा बोलली न्हाईस सोडलं म्हणून," तो म्हणाला. पहिल्यांदाच अगं-तुगं केलं त्यानं, आणि तेही वीस माणसांत! "काय झालंय?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण तो असा बघत होता की... नाही जमलं.

"फोन आला होता," मी म्हणाले. "नोकरीचा. गुवाहाटीला. मी नाही म्हणणार आहे."

आईच्या हातातला तांब्या खाली टेकला. सार्थक सतरंजीवरून तरातरा पुढं आला, आप्पांच्या हातातली सुपारी घेतली आणि खिशात टाकली.

"आज फोडायची न्हाई," तो म्हणाला.

मग जो गोंधळ उडाला! मारुतराव ओरडले, झुंबरबाईंनी कपाळावर हात मारला, कुणीतरी म्हणालं पोराला येड लागलं काय. मी चपला न घालताच बाहेर पडले आणि शेवंतीच्या बांधावर जाऊन उभी राहिले. तो मागं आलाच.

"चारचौघांत इज्जत काढलीस माझी!" मी म्हणाले. रागानं माझ्याही तोंडून तूच आलं. "तुझ्यासाठी सोडत होते ना मी?"

"तेच तर नको मला."

"म्हणजे?"

"उद्या म्हातारपणी तू म्हणणार, ह्याच्यापायी राहिलं माझं उडायचं. तोंडानं न्हाई म्हणणार, पर मनात म्हणणार." तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मला तुझा नवरा व्हायचंय, ज्ञानू. तुझं कारण न्हाई व्हायचं."

मी तिथंच खाली बसले. जे मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते, ते भसकन बाहेर आलं.

"मला भीती वाटते रे. इतकी वर्षं झाली कॉकपिटमध्ये बसून. हात विसरले असतील. तिथं ट्रेनिंगमध्ये नापास झाले तर? आबांचं रान गेलं, आता हेही गेलं तर कुठल्या तोंडानं येऊ परत? इथं निदान म्हणता तरी येतं की कुणी घेतलंच नाही."

तो समोर उकिडवा बसला. बोटांनी माती कुस्करत राहिला.

"नापास झालीस तर ये. सुपारी फोडू," तो म्हणाला. "पास झालीस तरी ये. तरी फोडू. माझं काय बदलत न्हाई त्यात."

"मला तू फार आवडतोस," मी म्हणाले. असं सरळ, नाक पुसत. याच्याहून बऱ्या वेळी सांगायचं ठरवलं होतं मी.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "मला तर त्या धुराच्या दिवसापास्नंच..." आणि त्याचे कान परत लाल झाले.

मी त्याच्यापुढं हात पसरला. "दे ती सुपारी."

"आगं, पर..."

"दे म्हणते ना!"

मी तशीच अनवाणी अंगणात आले आणि सुपारी आप्पांसमोरच्या ताटात ठेवली.

"मी विमान उडवायला जाणार आहे," मी म्हणाले. "पाच वर्षं लांब. पगार सुरुवातीला बेताचा, नंतर वाढेल. सुट्टी मिळेल तशी येईन. पास होईनच असंही नाही. हे ऐकून ज्यांना सुपारी फोडायची असेल त्यांनी फोडावी."

मारुतरावांनी लेकाकडं पाहिलं. लेक माझ्याकडं बघत होता, तेव्हा त्यांनी नाद सोडला. झुंबरबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"ते इमान तू चालीवणार? सोताच्या हातानं?"

"हो, आत्या."

"आन् आत मान्सं असत्यात?"

"सत्तरेक असतात."

झुंबरबाईंनी ताट आप्पांकडं ढकललं. "फोडा मग. बसलाय काय?"

आप्पांनी आबांकडं पाहिलं. आबांनी मान हलवली. ते उपरण्यानं डोळे पुसत होते. अडकित्ता मिटला आणि कट्कन् आवाज झाला. बायकांनी साखर वाटायला घेतली.

सार्थक माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"पाच वर्षं," मी हळूच म्हणाले. "जमेल तुला?"

"न्हाई जमायचं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पर करू."

ऊन कलायला लागलं होतं. मी मोबाइल काढला आणि शुक्रवारचा नंबर लावला. दोन रिंग झाल्या, तिकडून कुणीतरी नाव विचारलं.

"ज्ञानेश्वरी शेळके," मी म्हणाले. "मी येतेय."