कुंगूची वडी

झानेले मलावीत आली होती ती खायलाच. जोहान्सबर्गच्या एका हॉटेलात ती स्वयंपाकघर सांभाळायची. न्खाता बे या सरोवरकाठच्या गावी येताना रस्त्याच्या कडेला काडीला टोचलेले भाजके उंदीर मिळतात, ते तिने शेपटीसकट खाल्ले होते. आल्यावर कसाव्याच्या पिठाचा चिकट गोळा आणि तळलेली उसिपा मासळी चापून तिने बोटं चाटली आणि टोवेराला म्हणाली, "हे सगळं खानावळीतलं झालं. तुम्ही घरी काय खाता ते दाखव."

"कुंगू खाणार, ताई? सरोवरावरची चिलटं. पकडून, चेचून वड्या थापतात."

"उंदीर पोटात गेलाय, आता चिलटांचं काय घेऊन बसलीस?"

टोवेरा हसली. पाहुण्यांना फिरवून खाऊ घालणं हा तिचा धंदा. कुंगूची वडी बघून भलेभले तोंड वाकडं करत, त्याची तिला गंमत वाटे. ती स्वतः लहानपणापासून टोमॅटोच्या रश्शात बुडवून वडी खात आली होती. आणि तिच्या सासूच्या, न्याचिर्वाच्या हातच्या वड्या सगळ्या किनाऱ्यावर नावाजलेल्या.

सासूकडे ती बऱ्याच महिन्यांत गेली नव्हती. थंडीत तिचा नवरा वोंगानी मासेमारीला गेला, त्याची होडी तेवढी परत आली. त्यानंतर त्या अंगणात बसणं तिला जड जाई. पाहुणीच्या निमित्ताने जाऊन येऊ, असं तिने ठरवलं.

नावाडी येसायाच्या मोटारबोटीतून दोघी दुपारी निघाल्या. सरोवरावर कुंगूचे लोट उठतात ते लांबून धुरासारखे दिसतात, वारा येईल तसे वाकतात, फाटतात. आज एकच लोट होता, गावाच्या अगदी समोर.

"वारा बघ कसा सुटलाय," येसाया म्हणाला. "आणि हा जागचा हलत नाही."

किनाऱ्यावर बायका तेल लावलेली घमेली घेऊन धावत असायला हव्या होत्या. त्या घराकडे चालल्या होत्या, घमेली रिकामी.

"पकडत नाही का गं आज?" टोवेराने एकीला विचारलं.

"त्यातलं नाही पकडत आम्ही. ते तुझ्या सासूचं आहे." बाईने दार लावून घेतलं.

येसाया बोटीतून उतरला नाही.

वोंगानी गेला तेव्हा न्याचिर्वाची नुसती हाडं उरली होती. आता ती चुलीपाशी बसली होती ती भरलेली, तुकतुकीत, गळ्याला वळ्या पडलेली. तिच्या हनुवटीवर तेलाचा काळपट ओघळ होता आणि त्यात बारीक पंख चिकटले होते. तो पुसावा असं तिला वाटत नसावं. "आलीस," ती म्हणाली. "वड्या तयारच आहेत."

ताटलीतल्या वड्या काळ्या होत्या, ओलसर, मधूनच फुगून पुन्हा बसल्यासारख्या वाटत. टोवेरा वाकली आणि तशीच मागे सरली. कुंगूला वास येतो तो सुक्या मासळीचा. हा वास वोंगानीच्या मानेचा होता. दिवसभर जाळं ओढून तो घरी येई तेव्हाचा, घामाचा आणि ओल्या दोराचा, पण बंद डब्यात ठेवून नासलेला.

"खा," सासू म्हणाली.

"पोट भरलंय, आई."

"मग पाहुणीला दे."

टोवेरा नको म्हणायच्या आत झानेलेने वडी उचलली होती. तिने ती नाकाशी नेली, जाणकारासारखी मान हलवली आणि दाताखाली फोडली. कचकच आवाज झाला. ओठांच्या कडेने काळं तेल आलं, ते तिने जिभेने आत घेतलं. दुसरी वडी घेतली. दातांवर पंखांचा थर चढला होता.

मग तोंडात घास असतानाच ती बोलली.

"टोवे, दार लाव. गार लागतंय."

ती हे इथल्या टोंगा भाषेत बोलली; झानेलेला त्यातला एक शब्द येत नव्हता. आणि टोवेराला टोवे म्हणणारा एकच माणूस होता.

न्याचिर्वा गुडघ्यांवर पुढे सरकली. "मी खाल्लं की तो माझ्याच तोंडून बोलतो," ती हळूच म्हणाली. "मला ऐकू येत नाही. दुसऱ्याने खावं लागतं."

झानेलेचे डोळे घाबरलेले होते. त्यांतून पाणी वाहत होतं. जबडा मात्र चावत होता.

"कुठे आहेस तू?" टोवेराने विचारलं. आपण विचारलं हे तिला नंतर कळलं.

"खाली. गाळ मऊ आहे. खूप जण आहोत, टोवे. सगळ्यांना..."

घास गिळला गेला. आवाज तिथेच थांबला.

सासूने आणखी एक वडी कुस्करली आणि बोटाने झानेलेच्या तोंडात सारली. झानेलेने तोंड मिटलं नाही. तिने टोवेराकडे पाहिलं.

एक घास अजून, असं टोवेराच्या मनात आलं. आणि त्या विचाराची तिला शिसारी आली.

तिने झानेलेला दंडाला धरून उठवलं. ताटली कलंडली. न्याचिर्वा ओणवी झाली आणि मातीसकट वड्या तोंडात कोंबू लागली. पुटपुटत होती, पण भरल्या तोंडाने काय ते कळेना. टोवेराने मागे वळून पाहिलं नाही.

बोट किनाऱ्यापासून थोडी दूर गेली तशी झानेले बोटीच्या कडेवरून ओणवी झाली आणि तिला भडभडून ओकारी झाली. तोंड धुऊन ती टेकून बसली.

"आता बरं वाटतंय," ती म्हणाली. "चव चांगली होती गं. मी काय बडबडत होते?"

"काही नाही, ताई."

येसायाने मान दुसरीकडे फिरवली होती. खरकटं पाण्यात पडलं की उसिपाचे थवे तुटून पडतात. एक मासा आला नाही. काळा, साय धरलेला तवंग बोटीच्या कडेकडेने चालला होता, बोटीच्याच वेगाने, आणि तोच वास वर येत होता.

टोवेराने अंगावरच्या कापडाचं टोक नाकाला लावलं. थोड्या वेळाने काढलं.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.