साडेबाराचा फोन

आम्हा ख्रिस्त्यांच्या मोठ्या उपासाचा चौथा आठवडा होता. मी आमच्या शुब्रा मोहल्ल्याच्या बाजारातून अळूचे गड्डे आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन तीन जिने चढून आले, तर दारातच फोनची घंटा ऐकू आली. दुपारचे साडेबारा. पिशवी टेकवता टेकवता सवयीनं माझ्या कपाळाला आठी पडली. एकोणीस वर्षं हा फोन आमच्या जेवणाच्या आड येत होता.

माझा नवरा वगदी वर्तमानपत्रात रोजचं व्यंगचित्र काढतो. तरुणपणी चित्रांपायी दोनदा तुरुंगात जाऊन आला. दुसऱ्यांदा सुटला तेव्हा मी मार गिर्गिस या आमच्या संताला नवस बोलले, याला रोज दुपारी घरी जेवायला बसलेला बघू दे. नवस पावला. त्याच महिन्यात छापण्याआधी चित्रं तपासणारे सरकारी तपासनीस म्हणून उस्ताद लबीब नेमले गेले, आणि त्यांच्या फोनसाठी वगदी रोज घरी जेवू लागला. आता तक्रार तरी कुणाकडे करायची?

लबीब चित्र बघायला कधी आले नाहीत. ते फोन करायचे आणि वगदी चित्र वाचून दाखवायचा. हो, वाचून.

"मधोमध मंत्री. पोट पुढं आलेलं."

"किती पुढं?"

"कलिंगडाएवढं."

"खरबूज करा, वगदीसाहेब. कशाला उगाच."

मग दाढीचं पातं घेऊन वगदी वाळलेली शाई खरवडायचा. कर्र… कर्र… माझे दात आंबायचे त्या आवाजानं.

तर त्या दिवशी त्यानं फोन घेतला, रस्ता वाचला, पावाची रांग वाचली, दिव्याचा खांब वाचला. "बरं, खांब काढतो," म्हणाला. खरवडला. फोन ठेवला.

"कोण होतं?" मी स्वयंपाकघरातून विचारलं.

"लबीब. आणखी कोण असणार?"

माझी सुरी अळूच्या गड्ड्यातच थांबली.

"वगदी… मंगळवारी आपण त्यांना पुरून आलो."

त्यानं रिसीव्हर उचलून पुन्हा कानाला लावला. "सवयीनं बोललो गं," म्हणाला. "आवाज त्यांचाच होता. फक्त जरा… लांबून."

मी तपासनिसांच्या कचेरीत फोन केला. नवा माणूस अजून नेमलाच नव्हता. संध्याकाळी मेणबत्त्या आणायला खाली उतरले, तर गल्लीच्या तोंडाशी अंधार. दिव्याचा खांब नव्हता. खड्डा नाही, फुटलेली फरशी नाही, काही नाही. किराणावाल्याला विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "खांब? इथं कधी होता, ताई?"

दुसऱ्या दिवशी फोनच्या पलीकडून चहाच्या दुकानापुढचं बाकडं नको झालं. संध्याकाळी आमच्या गल्लीतले म्हातारे उभ्यानं चहा पीत होते, जन्मभर तसेच पीत आल्यासारखे.

"अरे, मग उचलू नकोस ना तो फोन," मी म्हटलं.

"न वाचता चित्र पाठवू कसं?" वगदीनं विचारलं. अगदी मनापासून विचारलं त्यानं. भुतापेक्षा मला त्या प्रश्नाचाच जास्त संताप आला.

तिसऱ्या दिवशी फोन ऐकता ऐकता वगदीच्या हातातलं पातं गळून पडलं. "नाही उस्ताद… ती नाही."

त्याच्या प्रत्येक चित्रात वरच्या कोपऱ्यात एक खिडकी असते आणि खिडकीत कपडे वाळत घालणारी एक लहानशी बाई. ती मी. मला नेहमी ओले कपडेच का, म्हणून मी किती वर्षं कुरकुरले होते. त्या दिवशी मी रिसीव्हर त्याच्या हातातून ओढून घेतला.

"उस्ताद, मी फिब्रोनिया. तुमच्या घरी मसुरीचं पातेलं मीच पाठवलं होतं. तुम्ही गेलात आता. जरा विसावा घ्या, आणि आम्हालाही दोन घास खाऊ द्या."

रिसीव्हरमधून ओल्या चुन्याचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास येत होता. मग अगदी हळू आवाज आला, "ताई… इथं कुणी काही वाचून दाखवत नाही… फक्त त्या बाईची जागा मोकळी करा… मला टेकायला."

मी तशीच देवळात गेले आणि आमच्या पाद्रींना, अबूना बिसेंतींना, हाताला धरून घरी आणलं. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "मृताच्या आत्म्याला निरोप द्यायची तिसऱ्या दिवसाची प्रार्थना मी लबीबच्या घरी केली. पण तो माणूस घरी होता कधी, लेकी? त्याचा सगळा जीव रोज दुपारी इथं असायचा. चुकीच्या घरातून निरोप दिला आम्ही."

त्यांनी फोनशेजारी लोबान जाळला, प्रार्थना म्हटली, कोपऱ्याकोपऱ्यात पाणी शिंपडलं आणि गच्चीचं दार उघडलं. वारा नव्हता. तरी पडदा बाहेरच्या बाजूला फुगला, आणि मग खाली बसला.

पुढच्या दुपारी साडेबारा वाजले. फोन गप्प. मी देवाचे आभार मानत पावटे फोडणीला टाकले. पाऊण वाजला, एक वाजला. वगदी पूर्ण झालेल्या चित्रापुढं बसून होता. उठला, बसला, परत उठला. आणि मग मी ऐकलं, त्यानं आपणहून रिसीव्हर उचलला होता.

"उस्ताद… आहात का?… रस्ता आहे. खिडकी आहे. खिडकीत बाई आहे… नाही, ती राहील. तिला हात लावायचा नाही… बरं. मग ही जागा घ्या."

कर्र… कर्र…

मी हातातला झारा टाकून धावले. खिडकीत बाई होती, तिच्या हातात ओला सदराही होता. खालच्या कोपऱ्यात, जिथं तो सही करायचा, तिथं कागद खरवडून पांढरा झाला होता.

"काय दिलंस तू, वगदी?"

"काही नाही गं. एक कोपरा. तेवढ्यात भागलं." आणि हसून म्हणाला, "वाढतेस ना?"

याला दहा दिवस झाले. चित्र रोज छापून येतं, बिनसहीचं. आज सकाळी खालच्या मजल्यावरची मातिल्दा उपासाची भाकरी घेऊन आली. मेजावर दोन ताटं बघून थबकली.

"पाहुणे येणार आहेत वाटतं? बरं झालं बाई. इतकी वर्षं एकटी राहतेस, आम्हालाच वाईट वाटतं."

मी भाकरी घेतली. ती गेल्यावर मेणबत्ती लावली आणि नवा नवस बोलले. मार गिर्गिसनं त्याला दोनदा घरी आणलंय, तिसऱ्यांदाही आणेल. ताटं मी दोनच मांडते.

आता साडेबारा वाजलेत. आतल्या खोलीत वगदी चित्र वाचून दाखवतोय, मधे थांबतोय, हो म्हणतोय. फोन इथं आहे, माझ्या मांडीवर.