नदीत गेलेलं घर

"अहो, माझं घर नदीत कशाला ढकललंत?"

मोजणीवाला दचकला. मागे शिडीवरून सुताराची लेक त्याच्या नकाशात डोकावत होती. हातात ब्रश, नाकावर हिरव्या रंगाचा ठिपका, आणि जीभ अशी धारदार की बापाच्या रंध्यानं लाजावं!

जुन्या पेठेतली घरं आहेत तशी जपायची, म्हणून तो एकेक घर मोजत होता. कमानीची दारं, लाकडी सज्जे, उतरती कौलं... काही म्हणून सोडलं नव्हतं. तरी नकाशातली गल्ली लांबत लांबत गेली आणि शेवटचं घर थेट पाण्यात!

त्यानं कपाळावर हात मारला. "इथं दोन घरांत भिंत एकच आहे, आणि मी प्रत्येक भिंत दोनदा धरली!"

"नशीब, आम्हाला पोहता येतं."

झालं, पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात. टेपचं दुसरं टोक धरायला ती आपणहून उतरली.

"ताणून धरा हं."

"मी ताणूनच धरलंय. सैल तुम्ही सोडताय."

"तुमच्याकडे बघितलं की हात सैल पडतो..." बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

"सज्ज्याची नक्षी बघा, साहेब. पगार तिचा मिळतो तुम्हाला!" ती म्हणाली खरी, पण टेपचं टोक आता तिच्याही हातून सैल पडलं होतं.

घरामागून घर होत गेलं. जाळीच्या खिडकीतून दुपारचं ऊन फरशीवर कसं सांडतं, ते तिनं दाखवलं. तो उन्हाकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघत राहिला.

शेवटी नकाशात तिचं घर काठावर आलं. काम संपलं. त्यानं कागद गुंडाळले, "येतो," म्हणाला आणि पायऱ्या उतरला. सकाळच्या गाडीनं तो परत जाणार होता.

तो सज्ज्याखालून चार पावलं पुढे गेला तशी ती अनवाणीच धावली.

"अहो... थांबा!"

"काही राहिलं का?"

"हो— नाही— उद्या या."

"पण काम तर संपलं."

"म्हणूनच या! कामाला आलेला माणूस काम झालं की निघून जातो."

तो दोन पावलं परत आला. मग हळूच म्हणाला, "गाडी सोडतो मी. आईलाच इकडे बोलावून तिला घेऊन आलो तर... चालेल?"

तिनं ओढणीत तोंड लपवलं. उत्तर वरच्या सज्ज्यातून आलं, तिच्या आईचं:

"चालेल काय विचारता? आणा! आणि जेवायलाच या म्हणावं!"