माजघर कोणी रिकामं केलं?

माणूस घरंदाज दिसत होता, पण शर्टाचं एक बटण भलत्याच काजात गेलं होतं. "गुप्तहेर इथेच राहतात ना?" असं विचारून त्यानं स्टुलावर चढून पंखा पुसणाऱ्या जावईबापूंकडे मोठ्या आशेनं पाहिलं.

"मी जावई," जावईबापू खाली उतरत म्हणाले. "गुप्तहेर त्या."

सासूबाई सोफ्यावर चष्मा पुसत बसल्या होत्या. विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून त्यांनी दारावर स्वतःची पाटी लावली. जावईबापू त्यांची गाडी चालवत, टिपणं काढत आणि दर तपासात चुकीच्या माणसावर संशय घेत. या शेवटच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"माझ्या धंद्याचा गळा माझ्या बायकोनं घोटलाय, असं मला वाटतंय," माणूस म्हणाला. "ते खोटं आहे एवढं मला कोणीतरी सिद्ध करून द्या. ती घर सोडून निघालीय."

"बसा. पहिल्यापासून सांगा," सासूबाई म्हणाल्या.

त्याचं एक मोबाईल ॲप होतं. घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणाऱ्या, जखमा बांधणाऱ्या नर्सेस ते वापरत. पेशंटची माहिती, औषधं, वेळा हे सगळं मागे एका जागी साठायचं आणि तिथूनच नर्सेसच्या फोनवर कामं जायची. त्या मागच्या भागाला म्हणतात बॅकएंड.

"बायको त्याला माजघर म्हणते. हे आमचं माजघर माझ्या धाकट्या बहिणीनं एकटीनं उभं केलं. बायको स्वतः नर्स होती, नर्सेसचं काम तीच बघते. तिचं म्हणणं, तयार बॅकएंड भाड्यानं घ्या. म्हणून एका कंपनीचं ट्रायलला घेतलंही. पण आज दुपारी मोठ्या हॉस्पिटलशी बोलणी आहेत, आणि मी घरचंच घ्यायचं ठरवलं होतं."

"आणि सकाळी?"

"सकाळी माजघर रिकामं. मूळ माहिती गेली, बहिणीनं वेगळी ठेवलेली नक्कलही गेली. चाव्या आम्हा तिघांकडेच. भांडणात बायको म्हणाली होती, कोसळू दे एकदा तुमचं माजघर, म्हणजे डोळे उघडतील. ते मी तिला आज ऐकवलं."

"बहिणीला हा संशय सांगितलात?"

"छे. तिची एवढी मेहनत पाण्यात गेली, त्यात हे कशाला? नक्कल गेल्याचंही मी बायकोशी बोललो नाही. बोलायला ती थांबलीच कुठे."

"आज नर्सेसचा घोळ झाला असेल."

"तेवढं मात्र वाचलं. काल संध्याकाळीच प्रत्येकीला आजच्या भेटींचा मेसेज गेला होता, ऑफिसच्या नंबरवरून. कोणी पाठवला, देव जाणे."

त्यानं मेसेज दाखवला. सासूबाईंनी तो सावकाश वाचला. "नावं अकारविल्हे नाहीत."

"बहिणीच्या बॅकएंडचा क्रम आहे तो. ज्याला उपाशीपोटी सुई, त्याचं नाव आधी. भाड्याच्यात नावं नुसती अकारविल्हे येतात. म्हणून तर मला घरचं हवं."

जावईबापूंनी टिपून घेतलं. यात टिपण्यासारखं काय होतं, ते त्यांना कळलं नव्हतं.

*

वहिनी, म्हणजे गिऱ्हाइकाची बायको, कपड्यांच्या घड्या घालून बॅगेत भरत होती. डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत.

"कोसळू दे म्हणाले, हो. रागात माणूस बोलून जातं. वन्सं जेवायला बसल्या की फोन, आंघोळीला गेल्या की फोन. एक पोरगी किती ठिकाणी पुरणार? भाड्याच्या माजघरात काही बिघडलं तर निस्तरायला त्यांची माणसं असतात. एवढंच मी सांगत होते."

"आता काय करावं म्हणता?" सासूबाईंनी विचारलं.

"करायचं काय? वन्संनी नक्कल ठेवलीय ना वेगळी? ती आणा आणि लागा कामाला. त्यापायी मला चोर कशाला ठरवायचं?" तिनं हातातली घडी बॅगेत कोंबली.

गाडीत बसता बसता जावईबापू म्हणाले, "आई, बाई भारी बनेल आहेत."

"असं तुम्ही म्हणालात, म्हणजे माझा जीव भांड्यात पडला," सासूबाई म्हणाल्या.

*

भाड्यानं बॅकएंड देणाऱ्या कंपनीचा विक्रेता दिलखुलास गडी निघाला.

"माजघरच म्हणा हो. वहिनींशी बोलून बोलून माझ्याही तोंडात तोच शब्द बसलाय. त्यांचं रिकामं झालं ते वाईटच. पण आमच्याकडे या म्हणायला मला चोरी कशाला करावी लागेल? ट्रायल मस्त चाललीय. कालपासून तर त्यांच्या खात्यात एकदम जागा भरलीय."

"कशानं?"

"आत आम्ही डोकावत नाही. गिऱ्हाइकाचा माल, गिऱ्हाइकाचं कुलूप."

"इतक्यात कोणी काही चौकशी केली होती?"

"फोन आला होता. बाई होत्या, अगदी कुजबुजत बोलत होत्या. म्हणाल्या, 'बॅकएंड तुमचं घेतलं, तरी भेटींचा क्रम लावणारा आमचा कोड त्याला जोडता येईल का?' मी म्हटलं, खुशाल जोडा. वहिनीच असणार. त्या घरात आमची बाजू घेणारं दुसरं आहे कोण?"

जावईबापूंनी सासूबाईंना कोपरानं ढोसलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

*

ऑफिस म्हणजे एकच लांबट खोली. भिंतीवर शहराचा नकाशा आणि त्यावर नर्सेसच्या रंगीत टाचण्या. धाकटी बहीण खिडकीशी चहा पीत उभी होती. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. जावईबापूंना तिची फार दया आली.

"वाईट झालं," सासूबाई म्हणाल्या.

"हं." तिनं कप संपवून खाली ठेवला. "किती दिवसांनी चहा गरम असताना संपला."

"फोन वाजत नाही तुमचा?"

"बंद केलाय. आता कशासाठी वाजेल?"

"हॉस्पिटलशी जमलं असतं तर नर्सेस किती वाढल्या असत्या?"

"दहापट," ती म्हणाली आणि नकाशाकडे पाठ करून उभी राहिली.

सासूबाईंनी ऑफिसच्या मालकाला, म्हणजे आपल्या गिऱ्हाइकाला, हाक मारली. "हॉस्पिटलचा फोन यायच्या आत तुमच्या मिसेसना इथे बोलवा. बॅग असू दे घरीच."

*

वहिनी आली ती दाराशीच उभी राहिली. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"आधी तुमच्याबद्दल," सासूबाई तिला म्हणाल्या. "नक्कल आणा आणि लागा कामाला, असं तुम्ही मला सांगितलंत. नक्कलही गेलीय, हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. जिनं दोन्ही पुसलं, ती असं बोलेल का?"

मालकाचा चेहरा उतरला.

"पण तो फोन?" जावईबापूंना राहवेना. "विक्रेत्याला केलेला?"

"त्या फोनवरची बाई 'बॅकएंड' म्हणाली, जावईबापू. या तर कधी माजघराशिवाय बोलत नाहीत. इतक्या, की विक्रेत्यालाही तीच सवय लागली. शिवाय क्रमाचा कोड कुठे जोडता येईल, हे विचारायला तो कोड आपला असावा लागतो."

धाकटीनं टेबलाची कड घट्ट धरली.

"आता मेसेज बघा. तो घरच्या बॅकएंडच्या क्रमानं गेला, आणि माहिती पुसायच्या आधी गेला. म्हणजे माजघर उद्या रिकामं असणार, हे पाठवणाऱ्याला आधीच ठाऊक होतं, आणि एकाही पेशंटची सुई चुकू नये याची त्याला काळजी होती. असं माणूस आजाऱ्यांची माहिती कायमची जाळेल का? नाही जाळणार. दुसरीकडे हलवेल. विक्रेता म्हणतो, कालपासून ट्रायलच्या खात्यात एकदम जागा भरली. तुम्ही सगळे इथे रिकाम्या माजघरापुढे गळा काढताय, आणि माल शेजारच्या घरात नीट रचून ठेवलाय."

"सगळं आहे तिथे," धाकटी हळूच म्हणाली. "एक ओळही गेलेली नाही."

"तू?" मालक खुर्चीत बसला. "स्वतःचं काम स्वतःच? कशासाठी?"

"मला पुढे शिकायला प्रवेश मिळालाय, दादा. दोन वर्षं, लांब. या आठवड्यात कळवायचंय." तिनं टेबलाची कड सोडली. "भेटेल त्याला तू छाती फुगवून सांगतोस, माझ्या बहिणीनं एकटीनं केलंय. तुला मी कशी सांगू, की रोज फोनची भीती वाटते म्हणून? आज तू सही केली असतीस, तर मी इथे जन्माची अडकले असते. वाटलं, कोसळलेलं दिसलं की तूच म्हणशील, जाऊ दे, भाड्याचं घेऊ."

"आणि वहिनीवर आळ आला तो?"

"वहिनीवर?" ती गर्रकन वळली. "मला खरंच माहीत नव्हतं. वहिनी, देवाशपथ."

"मला संशय होता," वहिनी म्हणाली. "मेसेजमधला क्रम मी ओळखला. पण तुमचं नाव घेऊन या घरात मी कुठल्या तोंडानं राहिले असते?"

आता धाकटी वहिनीच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागली. जावईबापू नकाशावरच्या टाचण्या फार बारकाईनं पाहू लागले.

मालक उठला आणि बायकोसमोर उभा राहिला. "चुकलो. सगळ्यांदेखत सांगतो, मी चुकलो." मग बहिणीकडे वळून म्हणाला, "आणि तुझ्या बाबतीत तर रोजच चुकत होतो."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. हॉस्पिटलचा होता. मालकानं तो स्पीकरवर टाकला.

"एकच शंका आहे," पलीकडचा आवाज म्हणाला. "तुमची सगळी यंत्रणा म्हणे एकाच व्यक्तीच्या हातात आहे. ती आजारी पडली तर? तसं असेल तर आम्हाला जमणार नाही."

मालकानं बहिणीकडे पाहिलं. ती श्वास रोखून उभी होती.

"तसं नाही," तो म्हणाला. "साठवण, लॉगिन, रोजची देखभाल हे तयार बॅकएंडवर राहील, त्यांची माणसं चोवीस तास असतात. कोणाकडे आधी जायचं, एवढा क्रम आमचा. तो माझ्या बहिणीनं लिहिलाय. पण ती शिकायला चाललीय, तेव्हा तुमचे फोन ती घेणार नाही."

"मग तो क्रम सांभाळणार कोण?"

वहिनी पुढे झाली.

"मी," ती फोनकडे वाकून म्हणाली. "उपाशीपोटी सुई कोणाला लागते, ते मला कळतं. कोड कसा बदलायचा ते वन्सं जायच्या आधी मला शिकवून जातील. आणि मदतीला आणखी दोघं घेऊ."

पलीकडे कोणीतरी कोणाशी तरी बोललं. "मग या तुम्ही. कागद घेऊन या."

सासूबाईंनी पर्स उचलली. जिन्यात जावईबापूंनी कबूल केलं, की या वेळीही त्यांचा संशय पहिल्यापासून शेवटपर्यंत चुकीच्याच माणसावर होता. वर खोलीत वहिनीनं खुर्ची ओढली होती आणि धाकटी तिला पहिली ओळ समजावून सांगत होती.