तुमी मात्र पाहू नका

अकोल्याच्या हॉस्पिटलच्या उंबऱ्याला ट्रॉलीचं चाक अडलं आणि ऐन डिसेंबरात धम्मदीपला घाम फुटला.

"पाहून काय राहिले? तिकडून उचला ना!" ओढणी कमरेला खोचत एका मुलीनं समोरची बाजू उचललीसुद्धा!

"तुमी इथं नर्स आहात?"

"नाई. चांदूर रेल्वे गावच्या शाळेत मास्तरीन हाव. पायल."

"मंग पेशंट कोन?"

"मीच," ती हसली. "उद्या ऑपरेशन हाय माझं."

धम्मदीपच्या हातून ट्रॉली सुटता सुटता राहिली. मशीन कंपनीचा तंत्रज्ञ म्हणून ट्रॉलीवरचा कॅमेरा तिच्याच ऑपरेशनसाठी त्यानं अमरावतीहून आणला होता.

पायलला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. दुपारी कँटीनमध्ये तिनंच विषय काढला. "काय करते हो तुमची मशीन?"

"त्या जागी हिरवं औषध टोचतात. रोग पसरला तं पहिले ज्या गाठीत जाईल, त्याच गाठीत औषध जाते. कॅमेऱ्यात ती गाठ चमकते. मंग तेवढीच काढायची. नाई चमकली तं साऱ्याच काढा लागतात, अन् पाय सुजून राहते जन्मभर."

"म्हंजे माझ्या पोटात दिवे लागनार!" ती खुदकन हसली. मग कपाकडे पाहत म्हणाली, "अन्... ते तुमी पाहनार?"

"मशीन अडली तरच बोलावतात आत."

चहा थंड झाला, दुसरा आला. तिच्या वर्गातली पोरं, त्याची सारखी बंद पडणारी मोटारसायकल... बोलणं सरेना. वॉर्डात जाताना ती दाराशी थबकली.

"एक सांगू? डॉक्टर, सिस्टर, कोनीही पाहो. तुमी मात्र पाहू नका."

"काहून?"

"काहून ते समजलं असतं तं इचारलं नसतं तुमी!"

रात्रभर त्याला झोप नव्हती. समजलं होतं त्याला.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या वडिलांजवळ, जानरावांजवळ, ऑपरेशन थिएटरबाहेर बाकावर बसून राहिला. त्या साली कपाशीवर बोंडअळी पडली होती. जानराव स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "वरून बोंड कसं हिरवंगार दिसे, बाप्पा..."

तेवढ्यात थिएटरचं दार उघडून सिस्टरनं हाक दिली. "डावीकडची गाठ दिसते, उजवीकडं अंधार आहे. लवकर या!"

धम्मदीप क्षणभर उठलाच नाही. मग कपडे बदलून आत गेला. मान खाली घालून त्यानं जोडणी तपासली, कॅमेरा अजून नाजूक उजेड टिपेल असा लावला. पण मशीनच्या पडद्याकडे पाहिल्यावाचून कसं जमणार? त्यानं पाहिलं. काळोखात एक फिकट हिरवी रेघ सरकत गेली आणि तिच्या टोकाला मण्याएवढी गाठ उजळली.

"सापडली!" डॉक्टरबाई म्हणाल्या. बाकीच्या गाठी वाचल्या. बाहेर येऊन तो जानरावांचा हात धरून हसला, रडला.

आठवड्यानं रिपोर्ट आला. त्याच फिकट गाठीत रोग निघाला.

तो भेटायला गेला तेव्हा पायल खिडकीकडे तोंड करून पडली होती.

"पाहिलं ना तुमी?"

"...पाहिलं."

"माझा शब्द मोडला."

"मोडला. बाहेर बसून राहिलो असतो तं तुमचा उजवा पाय जन्मभर सुजून राहिला असता. रागवा मले."

ती रागावली नाही. फक्त डोळ्यांवर ओढणी घेतली.

मग किरणांचे शेक सुरू झाले, सलाइनमधून औषधं सुरू झाली. तिचे केस विरळ झाले. दर आठवड्याला तो अमरावतीहून येई आणि तिच्या तोंडाला चव नाही म्हणून कधी बोरं, कधी आवळे आणी. शेवटच्या शेकानंतर दुपारी अकोल्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना, जानराव चहा आणायला गेले तेव्हा त्यानं विचारलंच.

"लग्न करशील माह्याशी?"

"कीव आली का?"

"नाई."

"मले लेकरू होनार नाई, धम्मदीप. अन् मी किती दिस हाव, तेही कोनी सांगत नाई."

"ठाऊक हाय."

"तरी?"

"तरी."

तिनं रुळांवरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. "मंग एक कर. रडू आलं तं माझ्यासमोर रडायचं. लपून नाई."

आणि तो तिथंच, भर फलाटावर, पोरासारखा रडला. तिनं त्याचं डोकं खांद्यावर घेतलं.

पुढं त्यांचा संसार झाला. फार लांबला नाही. पण त्या दुपारी फलाटावर जानराव चहा घेऊन आले, दोघांना तसं बसलेलं पाहून थबकले, कप हळूच तिच्या पायाशी ठेवले आणि पलीकडच्या बाकावर जाऊन पाठ करून बसले.