शेऱ्याच्या रकान्यात

आमच्या भाताच्या खाचरांवर आता गोदाम उभं आहे, आणि त्यात मी एकटी बसते. जमीन देताना बाबांनी मालकाला अट घातली होती, घरातल्या एकाला नोकरी. ते एक म्हणजे मी, अंजूर गावची भाविका. समोर छतापर्यंत कापडाच्या गाठी आणि बोलायला कॉम्प्युटर. आठवडा-आठवडा कुणी नावानं हाक मारायचं नाही.

२००७च्या एप्रिलमध्ये एका दुपारी दारातल्या गाठीला कुणीतरी अडखळलं.

"सॉरी... प्रोग्रॅमची तक्रार कुणी केली?"

कामतघरचा प्रितेश. मालकाच्या सातही गोदामांचा प्रोग्रॅम यानंच लिहिलेला.

"मीच. गेटपास काढताना पहिल्या पानावर गाडीचा नंबर टाकते, दुसरं पान पुन्हा तोच विचारतं. विसराळू आहे तुमचा सर्व्हर."

"तो तसाच असतो," तो हसला. "एकदा उत्तर दिलं, की समोरच्याला विसरून जातो."

"माणसंही तशीच—" मी जीभ चावली. त्यानं मात्र मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

आठ दिवस तो येत राहिला. माझ्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी त्याला फार आवडली. काम करता करता समजावून सांगायचा, "आता माहिती तुमच्या रिक्वेस्टसोबतच, म्हणजे बटण दाबून तुम्ही जे मागता त्याच्यासोबतच, पुढच्या पानावर जाते. पानाचा प्रत्येक भाग तिथूनच वाचतो. उत्तर मिळालं, की सगळं पुसलं."

"काहीच उरत नाही?"

"काहीच नाही."

नवव्या दिवशी म्हणाला, "पुण्याला नोकरी लागली. आज निघतोय... गेटपासला शेऱ्याचा रकाना तेवढा जोडून देतो." बाहेर रिक्षा हॉर्न वाजवत होती. घाईघाईत काम उरकून तो गेला.

तोंडावर बोलायचं धाडस झालं नव्हतं. पुसलंच जाणार आहे, म्हणून शेऱ्यात लिहिलं, 'प्रितेश, जाऊ नका. मला इथे फार एकटं वाटतं.' बटण दाबलं आणि डोळे पुसले.

अर्ध्या तासानं तीन नंबरच्या गोदामातून आलेल्या ट्रकवाल्यानं गेटपास पुढे केला. "मॅडम, ये प्रितेश कौन है?"

खाली शेऱ्यात माझीच दोन वाक्यं! घाईत प्रितेशनं शेरा रिक्वेस्टसोबत ठेवायच्या ऐवजी सगळ्या गोदामांच्या सामाईक जागेत ठेवला होता, हे मला नंतर कळलं. सातही गोदामांच्या गेटपासवर माझं मन छापून निघत होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात तीच रिक्षा परत आली. प्रितेशच्या हातातही एक गेटपास होता. "नाक्यावर ड्रायव्हर एकमेकांना वाचून दाखवतायत."

तो खुर्चीत बसला, चूक दुरुस्त केली.

"पुसलं?" मी खाली मान घालून विचारलं.

"सगळीकडून." हातातल्या गेटपासची त्यानं घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली. "हा सोडून. पुण्याला जावंच लागेल, भाविका. पण दर रविवारी येईन... मी विसराळू नाही."

"मग चटणी करून ठेवते," मी म्हटलं.

रिक्षा गेली. गोदाम पुन्हा गप्प झालं. रविवारला अजून चार दिवस होते.